गोठ्यातली बडबड

माणसाचं काम मशीन हिसकावून घेणार, अशी ओरड मी टीव्हीवर रोज ऐकते आणि गालातल्या गालात हसते. कारण मी स्वतःच माझं काम मशीनच्या पदरात घालायला निघाले होते, अगदी ओटी भरून. ते काही केल्या पार पडेना. आडवी कोण आली? आमची म्हैस.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूचं. थोडा ऊस, थोडं आलं आणि गोठ्यात तीन म्हशी. त्यातल्या दोघी बिचाऱ्या गरीब. वाटसरू जरी कासेला बसला तरी धार देतील. तिसरी मात्र महामाया. मी बसले तरच पान्हा सोडणार, म्हणजे दूध सडात उतरू देणार. दुसरं कुणी बसलं की दूध चोरून धरायची आणि वर लाथ फुकट. हिची आईही अशीच होती. पोटातनंच शिकून आली असावी. तिला नाव ठेवलेलं आहे, पण ते बारशापुरतं. मी तिला नुसतं 'बये' म्हणते.

या बयेपायी, आणि आधी तिच्या आईपायी, लग्न झाल्यापासून मी माहेरी जत्रेत एक रात्र काढली नव्हती. माझं माहेर सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या जवळ. चैत्रात गावची जत्रा असते, तेव्हा आम्ही तिघी बहिणी जमतो. त्या दोघी चांगल्या चार दिवस राहायच्या, गच्चीवर अंथरुणं टाकून गप्पा झोडायच्या. मी सकाळी पोचणार, देवाला नैवेद्य दाखवणार, पुरणपोळी घाईघाईनं गिळणार आणि दोनची एसटी पकडून परत. का? तर संध्याकाळची धार. थोरलीला आम्ही आक्का म्हणतो. तिनं मला नावच पाडलं होतं. मला बघितलं की दारातनंच ओरडायची, "आली बगा दोनची यष्टी! ताट वाढा बिगीबिगी, हॉर्न वाजंल!" सगळे हसायचे, मीही हसायचे. मग बसमध्ये खिडकीशी बसले की मला रडू यायचं. दरवर्षी यायचं, लाजायचं काय त्यात.

आमचे हे फौजेत होते, हवालदार होऊन घरी आले. माणूस देवासारखा, पण देवासारखाच मुका. "जेवलासा?" "हूं." "भाजी कशी झाली?" "बरी." फौजेत असताना फोन यायचा, तोही "सब ठीक?" एवढं विचारून ठेवून द्यायचे. माझ्या मनात यायचं, ह्यांनी सगळं बोलणं बॉर्डरवरच संपवलं की काय!

घरी आल्यावर ह्यांनी बयेची धार काढून बघितली. बादली एकीकडं आणि हवालदार एकीकडं. मग एक दिवस सांगलीला कुठलं प्रदर्शन बघायला गेले आणि येताना धारा काढायचं मशीनच घेऊन आले. मोटर, रबरी नळ्या, चार कप आणि स्टीलची झाकणबंद किटली. कप सडांना लावायचे आणि बटण दाबायचं, की फस्‌फस्‌ करत दूध किटलीत. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मशीनला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. मनात म्हटलं, देवा, माझी नोकरी घालव रे बाबा एकदाची. यंदा जत्रेला राहू दे.

दोघी गरिबांनी मशीन मुकाट्यानं मान्य केलं. बयेला कप लावले तेव्हा मी शेजारी उभी होते आणि दूध धो धो वाहिलं. मी टाळ्या पिटत बाहेर आले, तशी धार बंद. आत गेले, धार सुरू. बाहेर आले, पुन्हा बंद. हे किटलीकडं बघत म्हणाले, "मेन स्विच तू हायस तर." एवढं मोठं वाक्य ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते.

मग ह्यांनी डोकं चालवलं. धारेच्या वेळी मी नेसते ती जुनी हिरवी साडी पँटवरनंच गुंडाळली, डोक्यावर पदर घेतला आणि गेले गोठ्यात. बयेनं मान वळवून एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि शेपूट अशी हाणली की पदर शेणात. नेमका त्याच वेळी शेजारचा गडी दूध न्यायला दारात उभा. तो म्हणतो कसा, "वैनी, मिश्या कवापास्नं राखल्या वो?" मी वैरणीवर बसले ती हसून हसून उठेचना. हे तसेच, साडी सावरत, परेडच्या चालीनं घरात निघून गेले. दोन दिवस 'हूं'सुद्धा बंद होतं.

कोडं सुटलं ते माझा घसा बसला तेव्हा. आवाज म्हणून फुटेना. मी नेहमीसारखी मशीनशेजारी जाऊन उभी राहिले, तर काय, बयेनं पान्हाच सोडला नाही. मी समोर, हिरवी साडी अंगावर, तरी टिपूस नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "आज म्हशीसंगट भांडान न्हाई व्हय? रोज तुमचा दांडपट्टा सुरू झाला की मी च्या ठिवती. आज उशीर झाला की!"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बयेकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला कधी ते जाणवलंच नव्हतं. कासेला बसलं की माझं तोंड सुटायचं. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्यावर, मग पावसावर, सरपंचावर, जावेवर, आणि जास्त करून ह्यांच्यावर. घरात बोलून करता काय? 'हूं'शी माणूस किती भांडणार? म्हैस निदान कान हलवायची. तिनं रेडकू असल्यापासून आईच्या शेजारी उभं राहून माझी कुरकुर ऐकलेली. कुरकुर ऐकली की दूध द्यायचं, असंच तिला वाटत असणार.

घसा मोकळा झाल्यावर ह्यांनी मोबाईल माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाले, "बोल."

आता असं 'बोल' म्हटल्यावर बोलता येतं का? मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "नमस्कार."

बयेनं तोंड फिरवलं. ह्यांनी कपाळाला हात लावला. मग मोबाईलचं रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून तो गव्हाणीच्या वरच्या कोनाड्यात ठेवला आणि निघून गेले. मी शेण ओढायला घेतलं. मग पेंड भिजवली नसल्याचं दिसलं, त्यावरनं सुरुवात झाली आणि मोबाईल मी पार विसरून गेले.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते आणि गोठ्यातनं माझाच आवाज यायला लागला. ह्यांनी आळीतल्या पोरांकडनं गाण्याचा स्पीकर मागून आणून जोडला होता. सगळी आळी ऐकत होती. "बये, ह्या मानसाला आमटीत मीट हाय का न्हाई त्ये बी कळत न्हाई... गादीची चादर अशी वढून घालतंय, जनू जनरल येनार हाय झोपाय..." मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावले. उंबऱ्यापर्यंत आले आणि पाय थांबले, कारण पुढचं मला आठवलं.

"...बये, ह्येंला फौजंत दर सालाला रजा. ठरल्याली, हक्काची. कुनी अडवीत न्हवतं. मला एक रात मिळंना गं माहेरच्या जत्रंत. कुनाकडं अर्ज करू? तुज्याकडं करू? तू तर माजी सायब झालीस!"

मशीनची फस्‌फस्‌ चालू होती. बया डोळे मिटून रवंथ करत होती, पान्हा मोकळा सोडून. हे मात्र स्पीकरजवळ उभे होते ते हलले नाहीत. तेवढंच परत लावून ऐकलं. मी दिसले तसे एकदम ताठ झाले आणि म्हणाले, "रजा मंजूर."

"आवं, पर..."

"चार दिस. त्येच्या आदी आलीस तर फाटक उघडनार न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि घरात भाकरी जळाली. जळू दे म्हटलं.

जत्रेच्या दिवशी मी माहेरी पोचले. आक्कानं दारातनंच "दोनची यष्टी" अशी हाक दिली आणि माझ्या हातातली मोठी पिशवी बघितली तशी ती हिसकावून आत नेली. जेवणं झाली. स्टँडवरनं दोनचा हॉर्न ऐकू आला आणि सांगू काय, मी ताडकन उठले! चप्पल शोधायला लागले! आक्कानं माझ्या दंडाला धरून खाली बसवलं. "बस की गं ये! कुटं निगालीस?" एसटी गेली. तिचा आवाज पार गावच्या कमानीपर्यंत ऐकला मी. मग आम्ही तिघी एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. धाकटी तर हसता हसता रडलीच.

संध्याकाळी गच्चीवर मी मशीनचं सगळं पुराण सांगितलं. आक्का पोट धरून हसली, मग तिच्या कामाचं निघालं. ती बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायला जायची. बायका ओळीनं बसून काळे, डागी मणी बाजूला काढायच्या. आता तिथं मशीन आलंय, कॅमेऱ्यानं बघून काळा मणी वाऱ्यानं उडवतं. निम्म्या बायका घरी बसल्या, त्यात आक्काही.

"तुजं काम गेलं तरी दूध तुजंच ऱ्हायलं," ती म्हणाली. "माजं काम गेलं आन बेदाना मालकाचा."

आक्का आता द्राक्षबागेत कामाला जाते, उन्हात. नारळ मी फोडला होता माझ्या मशीनपुढं. तिच्या मशीनपुढं तिनं कशाला फोडावा? मला वाईट वाटलं. पण आक्का रडणारी नाही. तीच पुढं म्हणाली, "मशीन हुशार हाय, पर लय घुमं. दिसभर काम करतंय आन एका शब्दानं कुनाची चहाडी करंना. तसल्या कामात काय मजा हाय गं?" आणि पुन्हा हशा उसळला. तेवढ्या चार दिवसांत मी इतकी हसले की बरगड्या दुखायला लागल्या.

रोज संध्याकाळी मी फोन करायची.

"पान्हवली का बया?"

"हूं."

"माजा आवाज लावता न्हवं?"

"हूं."

"दूध बरं हाय का?"

"बरं."

असा सगळा कारभार. तिसऱ्या दिवशी मात्र माझ्या मनात आलं. माझं तोंड मोबाईलमध्ये, माझे हात मशीनमध्ये. मग घरात माझं राहिलं काय? आक्काला हे बोलले तर ती म्हणाली, "आगं, तूच न्हवं नारळ फोडलास?" ते खरंच होतं, त्यामुळं मी लाडू खाल्ला.

पाचव्या दिवशी मी परत निघाले. मुद्दाम दोनच्याच एसटीनं, कारण आक्काला तेवढं समाधान द्यायचं होतं. कराडला गाडी बदलून गावात उतरले तेव्हा दिवस मावळतीला आलेला, बरोबर धारेची वेळ. आळीत शिरले आणि कान दिले. माझा आवाज काही ऐकू येईना. स्पीकर बिघडला की काय? बयेनं कास सुजवून घेतली की काय? ह्यांना लाथ बसली की काय? मी पिशवी तशीच काखेत धरून परड्यातनं धावले.

गोठ्यात मशीनची फस्‌फस्‌ चालू होती. स्पीकर कोनाड्यात पालथा पडला होता. आणि कुणीतरी बोलत होतं, सारखं, न थांबता. मी दाराच्या आड उभी राहिले. बोलणारे हे होते.

"...आन ती गोधडी वढती म्हून मी तिच्यावर खेकसायचो का न्हाई, बये? आता सगळी गोधडी माजी हाय, पर डोळ्याला डोळा लागंना. भाकरी केली म्या, तिचा नकाशा झाला. तिचा आवाज लावत हुतो तुज्यासाटी, पर दुसऱ्या दिशी मलाच ऐकवंना. त्या डबीत ती बोलती, आन घरात गेलं की कुनी न्हाई. म्हून बंद केला. फौजंत मला वाटायचं, मी तिकडं एकटा पडलूय. ही हितं एकटी हाय, ह्ये माज्या डोस्क्यात कवा आलंच न्हाई बग. रजा मलाच. पेन्शन मलाच. तिला काय? तू आन तुजी आई. ह्ये तिला सांगू नगं हां, बये. डोक्यावर बसंल माज्या..."

बया कान हलवत होती. किटलीत दूध उतरत होतं, फेसासकट. उभ्या संसारात ह्यांच्या तोंडून मी एवढं ऐकलं नव्हतं. मी पदराचा बोळा तोंडात धरून हसू दाबलं. आत जाऊन ह्यांच्या पाठीत एक धपाटा घालावा आणि मग गळ्यात पडावं, असं फार वाटलं.

पण मी दारातच थांबले. आत गेले असते तर हे गप्प झाले असते, आणि म्हशीनं पान्हा चोरला असता.