सेफेरिनाच्या लेकीची पिशवी

पिल्कोमायो नदीच्या काठावर सेफेरिनासारखी पिशवी विणणारी दुसरी बाई नव्हती. चागुआरच्या काटेरी पातीचा वाख मांडीवर वळून वळून तिची कातडी टणक झालेली. तोंडाने मात्र फटकळ! इंग्रज पाद्री थॉर्नली तिला वचकून असे.

त्या उन्हाळ्यात तिची लेक तापाने गेली. तिचं नाव इथे येणार नाही. आम्हा विची लोकांमध्ये गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की ते माणूस मेलेल्यांच्या वाटेतून मागे फिरतं, आणि मग ना इकडचं ना तिकडचं. वस्तूही जाळायच्या. सेफेरिनाने झोपडी जाळली, चटई जाळली. राहिली एक पिशवी. ती पाद्रीणबाईने देवळात भिंतीवर टांगली होती.

"बाई, पिशवी द्या."

"अगं, आठवण आहे ती!"

"आठवणच नकोय. द्या."

"जाळायला? एवढी सुंदर वस्तू? मुळीच नाही."

सेफेरिना चार दिवस दारात बसली. बाईने चहा पाठवला, तो तिने कुत्र्यापुढे ओतला.

रविवारी भर प्रार्थनेत ती उठली, भिंतीवरची पिशवी ओरबाडली, आणि बाहेर चहाच्या किटलीखालच्या विस्तवात कोंबली. वाखच तो, भुर्रकन पेटला. बाई रडायला लागली. बायाबापड्यांना मात्र हायसं वाटलं.

पाद्री लालबुंद होऊन बाप्तिस्म्याच्या नावांची वही घेऊनच बाहेर आला. "देवळात चोरी! या वहीतून तुझं नाव खोडतो, बघच!"

"खोडा की! आणि माझ्या लेकीचंही खोडा."

"मेलेल्याचं नाव खोडत नाहीत."

"मेलेल्याचंच खोडतात, बाबा! तेवढी अक्कल नाही आणि आम्हाला शिकवायला आलात?"

लोक हसले. तेच पाद्रीला झोंबलं.

"ती ख्रिस्ताची आहे, तुझी नव्हे," तो म्हणाला. त्याने पान उघडलं.

"नको, बाबा," सेफेरिना म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच कुणाचे पाय धरले. "पाया पडते. वाचू नका."

त्याने पाय सोडवून घेतले आणि पोरीचं नाव वाचलं. मोठ्याने, बापाच्या नावासकट, तीनदा.

बाया पोरांना काखोटीला मारून रानाकडे पळाल्या. सेफेरिना तिथेच बसून राहिली. पिशवी जळून गेली होती, आणि लेक माघारी आली होती. तिला पुन्हा वाटेला कसं लावायचं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.