अवधाण नव्हतं ते

राळेगावकडच्या आमच्या गावात पंचफुलासारखी कापूस वेचणारी दुसरी नाही. भरलेली ओटी कमरेला लोंबत असली तरी तिचा हात थांबत नाही, आणि तोंड तर त्याहून नाही. पण स्वतःच्या दुखण्याचं बोलायचं म्हटलं की हिची दातखीळ बसते. दुखणंही मेलं अशा जागी! उजव्या जांघेत, घडीच्या जरा खाली, सुपारीएवढी गाठ.

ती तिने एकाच माणसाला दाखवली, थोरल्या जावेला, विमलताईंना. लग्न होऊन आली तेव्हापासून त्यांना ती आईच्या ठिकाणी मानायची. शिवाय विमलताई अवधाण उतरवण्यात नावाजलेल्या. पायातली जखम चिघळली की जांघेत गाठ येते, ते अवधाण. विमलताई एरंडेल लावून चोळत, मिठाच्या पुरचुंडीने शेकत. काही वर्षांपूर्वी त्यांनाही तशी गाठ आली होती. महिनाभर माहेरी राहून आल्या आणि म्हणाल्या, चोळून जिरवली. तेव्हापासून त्यांच्या दारी बायकांची रीघ.

पंचफुलाच्या पायात कापसाच्या पऱ्हाटीचं धसकट घुसलं होतंच. विमलताई म्हणाल्या, "अवधानच हाय वं," आणि रोज चोळू लागल्या. पंचफुला आडवी झाली की गाठ आत जाई, खोकली की पुन्हा वर.

"बाई, अवधान असं लपते का?" तिने एकदा विचारलंही.

"लपते. माह्यंही लपत होतं."

एक दिवस गाठ आत गेलीच नाही. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या. तिच्या नवऱ्याने आणि मी, तिच्या वेचणीतल्या सोबतिणीने, तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी स्वतःच्या मांडीवर बोट ठेवून समजावलं. मांडीच्या वरच्या टोकाला, पुढच्या बाजूने, एक त्रिकोण असतो. त्यात बाहेरून आत आधी मज्जातंतू, मग पायाला रक्त नेणारी मोठी धमनी, तिच्या शेजारी रक्त परत आणणारी शीर, आणि शिरेच्याही आतल्या अंगाला एक बारीक फट. अवधाणाच्या गाठी तिथेच असतात, म्हणून माणूस फसतो. हिच्या त्या फटीतून आतडं उतरून अडकलं होतं. काळा पडलेला तुकडा कापावा लागला. अजून उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती.

घरी आणल्यावर सेवेला विमलताईच. त्या अंग पुसत होत्या, मी ऊन पाणी घेऊन उभी होते. पंचफुलाला ठसका लागला.

"असा तळहात दाबून धर," विमलताई झटकन म्हणाल्या, "मंग टाक्याले हिसका बसत नाही." आणि त्यांचा हात त्यांच्याच जांघेवर नेमका तिथे गेला.

पंचफुला त्या हाताकडे पाहत राहिली. "बाई, हे तुमाले कोनं शिकवलं?"

विमलताईंनी तो हात पंच्याखाली दडवला.

"माहेरी नोयत्या तुम्ही. दवाखान्यात होत्या."

"सासूले कळलं असतं तं," विमलताई पुटपुटल्या, "परक्या मानसानं तिथं हात लावला म्हनून घरात घेतलं नसतं मले."

"सासूले नोका सांगू. मले कायले नाही सांगतलं? मी मरत होती, अन् तुम्ही चोळत होत्या!"

 पंचफुलाने ओला पंचा त्यांच्या हातून काढून घेतला आणि स्वतःच अंग पुसलं.

घरात अजूनही थोरलीचं कौतुक आहे, धाकटीची किती सेवा केली म्हणून. परवा शेजारची प्रियंका लंगडत आली आणि अवधाण उतरवायला विमलताईंना विचारू लागली. ओसरीवर सासू होती, सगळे होते. पंचफुला कापूस साफ करत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आंदी त्यायच्या जांघेतली शिवन पाह्यजो बाई. मंग चोळाले मांडी देजो."