डोळे आले की

प्रिंटरमधून चेहरा वरून खाली उमटत येतो. आधी केस, मग कपाळ, मग भुवया. दामूकाका तिथपर्यंत कंबरेत वाकून, अगदी नाक लावून बघत असत. डोळे यायला लागले की मात्र ते झटकन खिडकीकडे तोंड फिरवायचे आणि कागद पूर्ण बाहेर पडेपर्यंत तसेच उभे राहायचे. दर गुरुवारी हे व्हायचं, माझ्याच घरात. काय आहे हा प्रकार, असं मी बरेच दिवस विचारलं नाही.

जूचंद्र हे रांगोळीवाल्यांचं गाव. ठिपक्यांच्या नव्हे, माणसांच्या चेहऱ्यांच्या रांगोळीचं. दामूकाका त्यांतही गेलेल्यांचे चेहरे काढायचे. गावात कुणी वारलं की बाराव्याला त्या घरच्या पुढच्या खोलीत त्याची रांगोळी काढायला यांनाच बोलावणं. फोनवरच्या इवल्याशा फोटोवरून काम होत नसे, हातात मोठा कागद लागे. मी गावाला लागून झालेल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहते आणि घरबसल्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. पडद्यावर मला चुका दिसत नाहीत, कागदावरच सापडतात. तेव्हा प्रिंटर दोघांना हवा होता. काका म्हणाले, दोघांत एक घेऊ, पण तुझ्याकडे ठेव. त्यांच्या घरात रंगाची पूड इतकी उडायची की यंत्र महिनाभरही टिकलं नसतं. "आमच्याकडं भाकरीला पन रांगोली लागते, बाय," ते म्हणाले.

वसईतल्या दुकानात मी स्वस्तातलाच प्रिंटर उचलणार होते. काकांनी दुकानदाराला विचारलं, याची शाई संपली की काय करायचं? दुकानदार म्हणाला, नवीन डबी टाकायची. आणि त्या डबीत शाई किती? दुकानदार इकडेतिकडे बघू लागला. काकांनी शेवटी बाजूला चार पारदर्शक टाक्या असलेला प्रिंटर निवडला, ज्यात बाटलीने शाई ओतता येते. महाग होता, मी कुरकुरले. त्यांचं म्हणणं एकच होतं, "जी शाई दिसत नाय, तिच्यावर इस्वास ठेवू नको. मधीच संपली तर अर्ध्या तोंडाचा मानूस हातात येल." मग आपला फोन पुढे करून त्यांनी तिथेच एक फोटो छापून बघितला. हिरव्या लुगड्यातली, चाळिशीपुढची बाई, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी. कातडीचा रंग नीट उतरला, तसे ते सौद्याला राजी झाले. मला वाटलं, असेल कुणी बाराव्याची.

शाईला त्यांनी आपली नावं दिली होती. गुलाल, हळद, मोरपंखी आणि काजळ. एकदा हौसेने मोरपंखी टाकी काठोकाठ भरली आणि मी नको नको म्हणत असताना प्रिंटर उचलून टेबलावरून हलवला. फरशीवर पडलेला तो निळा डाग अजून निघालेला नाही. मी चिडले तर म्हणाले, राहू दे, तुझ्या घरात तेवढीच माझी रांगोळी.

रंगीत शाई वापरली नाही तर आत सुकते आणि प्रिंटरचं तोंड बुजतं. माझं काम सगळं काळ्यावर चाले, म्हणून आठवड्याला एक तरी रंगीत पान काढणं भाग होतं. मी यंत्राच्या स्वतःच्या रंगीत पट्ट्या छापत होते. काकांना ते पटलं नाही. "पट्ट्या कशाला? मानूस छाप. मानसाच्या तोंडात सगले रंग असतात." आणि दर गुरुवारी येऊन ते छापायचे ती हिरव्या लुगड्यातलीच बाई.

एका गुरुवारी न राहवून मी विचारलं. ती त्यांची बायको, गुलाबकाकी. मी इथे राहायला येण्याआधीच गेलेली. जिवंत असताना ती सारखी मागे लागायची, सगळ्या गावाला काढता, मला कधी काढणार? हे थट्टेत म्हणायचे, मी मेलेल्यांना काढतो, तुझी घाई काय आहे? आणि ती खरंच गेली. बाराव्याला पूड हातात घेऊन बसले, पण हात उठला नाही. "डोले आले की इचारते मना," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "कवा काढतास? काय सांगू तिला?" मी म्हटलं, मग काढा की आता तिची रांगोळी. ते म्हणाले, काढली की झाडावी लागेल, आणि झाडणार कोण? रांगोळी घरच्याच माणसाने झाडायची हा नियम त्यांनीच गावाला घालून दिला होता. झाडायची रीतही तेच सांगत, "डोले पयले झाडा. ते मागं राहिले तर हात चालत नाय."

त्या मे महिन्यात त्यांनी माझ्याकडून तिचा चेहरा चार कागदांवर मोठा करून नेला. त्यानंतर ते गुरुवारी येईनासे झाले. मी बघायला गेले तर पुढची खोली बंद, आणि काका पडवीत घामाने निथळत बसलेले. पूड उडू नये म्हणून घरातले सगळे पंखे बंद होते. अजून झालं नाही, एवढंच बोलले. मला आत जाऊ दिलं नाही. त्याच आठवड्यात ते पडवीतच कोसळले आणि दवाखान्यात गेले ते गेलेच.

त्यांना घरी आणायचं तर ठेवायला जागा ती एकच, पुढची खोली. त्यांच्या पुतण्याने दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थबकला. मूलबाळ नव्हतंच. आत पाय टाकायला कुणी तयार होईना. त्यांच्याकडे शिकायला येणारी रेखा माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, काकी तुमच्याच घरी येत होती ना दर गुरुवारी? तुम्हीच झाडा."

जमीनभर गुलाबकाकी होती. लुगड्याच्या काठाची वीण, कपाळावरचं गोंदण, कानातल्यावरची चकाकी, सगळं होतं. फक्त डोळ्यांच्या जागी उघडी फरशी होती. रेखाच्या ओंजळीत काळी पूड होती. हलक्या आवाजात तिने विचारलं, "मी भरू का डोले?" मी मान हलवून नको म्हटलं. मग डोळे जिथे असायला हवे होते तिथूनच मी केरसुणी फिरवायला सुरुवात केली. माझं रडू थांबत नव्हतं. सगळे रंग मिळून सुपात राखाडी ढीग झाला आणि बाहेर गाडी येऊन थांबली.

प्रिंटर अजून माझ्याकडेच आहे. मला रंगाचं काही काम पडत नाही, तरी गुलालाची बाटली संपली की नवी आणते, कारण गुरुवार चुकवत नाही. केस येतात, कपाळ येतं, भुवया येतात. मग डोळे येतात, आणि खोलीत कुणीतरी वाट बघत उभं आहे असं मला दर वेळी वाटतं. मी तोंड फिरवत नाही. तिच्याकडे बघून सांगते, काकी, काढली होती त्यांनी.