जोडव्याखालची जखम

"जोडवी काढायला सांगू नका डाक्टरीणबाई, बाकी काय बी औषध द्या." निफाडहून आलेल्या सासूबाईंनी बसायच्या आधीच बजावलं. सून सुनंदा पाय मागे ओढून बसली होती. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशकात माझा स्किनचा दवाखाना नुकताच चालू लागला होता.

"चांदी बाधली तिला," सासूबाई म्हणाल्या. निदान घरूनच आणायची पद्धत तेव्हाही होती. चांदी बाधणं म्हणजे आमच्या भाषेत ॲलर्जी. तसं असतं तर बोटाभोवती गोल चट्टा उठला असता, खाज सुटली असती. इथे जखम फक्त अंगठ्याच्या बाजूला होती. कातडी सोलून निघालेली. समोर अंगठ्यावर जुना, जाड घट्टा. घासून होणाऱ्या अशा जखमेला फ्रिक्शन बर्न म्हणतात. चप्पल लागली म्हणावं, तर पोटरीवरही दोराचे वळ होते.

"काकू, जरा बाहेर बसता?"

त्या गेल्यावर मी विचारलं, "दोरीचा मल्लखांब?"

सुनंदा एकदम हसली. "कसं ओळखलंत? माझं माहेर इथलंच. आले की व्यायामशाळेत चढते. वर गेलं ना मॅडम, की कुणाची हाक ऐकू येत नाही."

दोर धरतात तो पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये. नेमकं तिथंच जोडवं आडवं येत होतं.

"चढताना काढून ठेवायची."

"एकदा काढली. तर आईनंच आळी डोक्यावर घेतली."

"सासूबाईंशी मी बोलू?"

"नको हो. माहेरी पाठवायच्याच बंद होतील."

जखम चिघळायला लागली होती. जेन्शियन व्हायोलेट, म्हणजे ते जांभळं औषध, लावायला दिलं. बरं होईपर्यंत दोर बंद, असं सांगितलं. तिनं मान हलवली.

दिवाळीनंतर दोघी परत आल्या. पाय स्वच्छ होता.

"लय गुण हाय तुमच्या हाताला," म्हणत सासूबाई बाहेर कंपाउंडरकडे गेल्या. सुनंदा वाकून अंगठा चाचपू लागली.

"घट्टा पण गेला, मॅडम. सगळं मऊ पडलं. परवा दोर धरून पाहिला, फार दुखतं. परत येईल का हो घट्टा?"

"रोज धरलात तर येईल."

"रोज कुठलं," ती म्हणाली. जोडवी सारखी केली आणि चप्पल घातली.

मला फार वाईट वाटलं. घासणं थांबलं की कातडी बरी होते आणि घट्टाही जातो, एवढं आम्हाला शिकवलेलं. घट्टा घालवायची मलमं माझ्या कपाटात भरपूर होती. आणायचं एकही नव्हतं.