डाक आवृत्ती, पान तीन

हे लिहू की नको, यात दीड महिना गेला. आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. या ग्रुपवर येतो ते गंमत म्हणून. कुणाच्या आत्याला पिंपळाखाली कोण दिसलं ते चहा पीत वाचतो आणि मनात म्हणतो, आत्याचा चष्मा तपासून घ्या. आता माझी पाळी आल्यावर तुम्ही हसलात, तर तो तुमचा हक्कच आहे.

नोकरी मोजणी खात्यात. जुने नकाशे, जुन्या नोंदी, त्यांच्या नकला... वीस वर्षं हेच. समोर जे लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवायचं, पदरचा एक काना घालायचा नाही, ही सवय हाडात गेलीय. बायको म्हणते, मी किराणाच्या यादीलासुद्धा नोंद क्रमांक टाकीन.

राहायला जुळे सोलापूर, दुसरा मजला. घरात मी, बायको स्वाती आणि आई. आईचं माहेर वैराग. तिचे वडील, म्हणजे अण्णा, गेल्या वर्षी नव्वदी ओलांडून गेले. आई मातीला गेली, दहाव्यालाही गेली, पण रडली नाही. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तर तिनं जाहीरच करून टाकलं, की मी वैरागला येणार नाही.

कारण आम्हाला माहीत होतं. चीनच्या लढाईनंतरच्या जानेवारीत, पाच वर्षांची असताना, आई सोलापूरच्या गड्ड्यात हरवली होती. (गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, बाहेरच्यांसाठी सांगतो.) चुलत्याबरोबर आली होती, गर्दीत हात सुटला. तो दोन दिवस शोधून रिकाम्या हातानं गावी परतला. इकडे आईला एका विणकराच्या घरी ठेवून घेतलं होतं. ती माणसं तेलुगू बोलणारी, हिला गावाचं नाव धड सांगता येईना... पण त्यांनी जेवू घातलं, स्वतःच्या पोरींत झोपवलं. पाचव्या दिवशी वैरागच्या एका व्यापाऱ्यानं तिला ओळखलं आणि घरी आणून सोडलं. अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला पाहिलं, उठले आणि गोठ्यात निघून गेले. कुठं होतीस, एवढंही विचारलं नाही. नंतरही कधी नाही. वर तिची काकू येताजाता ऐकवायची, की तुझ्यासाठी तुझ्या बापानं गावाबाहेर पाऊल टाकलं नाही.

"ज्यानं मला हुडकलं न्हाई, त्येच्या श्राद्धाला मी कशाला जाऊ?" आई म्हणाली. "तुमी जावा की. मी बसते हितं दार लावून."

मामांचे फोन सुरू झाले. थोरली लेक आली नाही तर लोक काय म्हणतील, वगैरे. मला लोकांचं काही नव्हतं. पण सत्तरीला टेकलेली बाई पाच वर्षांच्या पोरीसारखी रुसून बसलीय, हे बघवत नव्हतं. मला वाटलं, बाप आहे, काहीतरी केलंच असेल की. तेव्हा हरवल्याच्या जाहिराती पेपरात यायच्या. बघू तर खरं.

रविवार, सकाळचे अकरा, खिडकीतून ऊन आलेलं, पोट पोह्यांनी भरलेलं. म्हणजे काही भलतंसलतं दिसावं असं एकही कारण नव्हतं. सोलापुरातल्या एका वाचनालयानं आपल्याकडच्या जुन्या वर्तमानपत्रांची सूची ऑनलाइन टाकलीय. तिथे पेपर वाचता येत नाही. कोणत्या अंकात, कोणत्या पानावर काय आहे एवढं कळतं, मग वाचनालयात जाऊन तो अंक बघायचा. मी 'हरवलेली मुलगी' टाकलं. काही नाही. 'वैराग' टाकलं. बाजारभाव, पाऊसपाणी, शाळेचं उद्घाटन... आणि सगळ्यात खाली ही नोंद. डायरीतून उतरवतोय—

"मुलगी हरवली आहे. सुमन, वय पाच, राहणार वैराग. अंगात हिरवे परकर-पोलके. उजव्या कानामागे भाजल्याची खूण. चिमी म्हणून हाक मारल्यास ओ देते. आणून देणाऱ्याचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

खाली अण्णांचं पूर्ण नाव. त्याखाली तारीख, आणि डाक आवृत्ती, पान तीन, कॉलम चार.

खात्यातली सवय, आधी पेन काढला. नोंद क्रमांकासकट सगळं उतरवलं, पुन्हा ताडून पाहिलं, मगच आईला हाक मारली. ती मेथी निवडत होती, ताट घेऊनच आली. मी स्क्रीनवरून मोठ्यानं वाचायला लागलो. 'चिमी'पाशी पोचलो आणि तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. ह्ये कुणी सांगितलं तुला?"

"इथे लिहिलंय, आई."

"चिमी मला फकस्त अण्णा म्हनायचे. गड्ड्याच्या आदी. मागनं कदीच न्हाई म्हनले... मी तुज्या बापालाबी सांगितलं न्हाई ह्ये."

मग तिनं कानामागचे केस बाजूला केले. नखाएवढा गुळगुळीत डाग. पंचेचाळीस वर्षं मी या बाईच्या डोळ्यांसमोर आहे, तो डाग मला कधी दिसला नव्हता. आई तिथेच फरशीवर बसली आणि रडली. वर्षभर राहून गेलेलं सगळं रडली. मी मेथी निवडत बसलो.

वैरागला ती आमच्या आधी तयार होती. श्राद्धाच्या दिवशी तिनं भेटेल त्याला जाहिरात तोंडपाठ म्हणून दाखवली. दोन्ही मामांना आश्चर्य वाटलं, पण ते तिच्या मागून जन्मलेले. त्या वेळचं सांगणारं आता घरात कुणीच उरलेलं नाही. परतताना गाडीत आई म्हणाली, "त्यो कागद आन. अण्णांच्या फोटूखाली लावू."

पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस रजा टाकून वाचनालयात गेलो. तिथल्या ग्रंथपाल मुल्ला मॅडम. फार आस्थेनं बोलणाऱ्या बाई. त्यांनी माझी डायरी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"ही नोंद आमची न्हाई, सर."

"तुमच्याच साइटवर होती मॅडम."

"छोट्या जाहिराती आमी घेतच न्हाई की. बातमीचा मथळा, तारीख, पान, बस्. टाइप करणाऱ्या पोरींना मीच सांगितलं हुतं, जाहिराती सोडा म्हणून. आन् एवढा मजकूर टाकायला सूचीत जागाच न्हाई."

मी नोंद क्रमांकावर बोट ठेवलं. त्यांनी त्यांचं रजिस्टर काढलं. शेवटची नोंद माझ्या क्रमांकाच्या एक अलीकडची होती. "हा नंबर अजून पडलाच न्हाई," त्या म्हणाल्या. त्यांच्याच कॉम्प्युटरवर मी 'वैराग' टाकलं. बाजारभाव, पाऊसपाणी, शाळा. संपलं.

मी विचारलं, डाक आवृत्ती म्हणजे काय? खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. दिसलं तसं उतरवलं होतं.

"जुन्या पेपरांच्या दोन आवृत्त्या असायच्या. डाक आवृत्ती संध्याकाळी छापून एसटीनं तालुक्याला जायची. बार्शी, वैराग, मंद्रूप... गावातल्या एजंटाकडं जाहिरात दिली, की ती बहुतेक त्यातच लागायची. शहराचा अंक रात्री वेगळा निघायचा. आमच्याकडं बांधून ठेवलेले सगळे शहराचे. डाकेचा एकपण न्हाई. कदीच नव्हता."

तरी त्यांनी त्या तारखेचा शहराचा अंक काढून दाखवला. पान तीन, कॉलम चार. दंतमंजनाची जाहिरात होती.

बाहेर येऊन बाइकवर बसलो, पण किल्ली फिरवायचं लक्षात येईना. नंतर सगळं करून पाहिलं. लॅपटॉपच्या हिस्टरीत त्या वेळी ती साइट उघडल्याचं दिसतं, पानावर काय होतं ते दिसत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्यानं बघितलं, म्हणाला दुसरी कुठली साइट असेल. नव्हती. स्वातीनं स्क्रीन पाहिलाच नव्हता. आईनं पाहिला, पण चष्म्याशिवाय तिला तव्यावरची भाकरी दिसत नाही. म्हणजे साक्षीदार मी एकटा. बरं, मीच मनानं रचलं म्हणा... पण मग चिमी? आणि तो डाग? आणि ज्याचा अर्थ मला ठाऊक नाही ते 'डाक आवृत्ती' मी कुठून रचणार?

आणि या सगळ्यापेक्षा मोठी भीती आईची होती. तिला कळलं, की कागद नाही, तर ती एकच अर्थ काढणार— मी तिला श्राद्धाला न्यायला थाप मारली. साठ वर्षांनी मिळालेला बाप पुन्हा जाणार, आणि सोबत पोरगाही. आठ दिवस मी साहेब रजेवर आहेत, झेरॉक्स बंद आहे, असं काहीबाही सांगत राहिलो. आयुष्यात इतक्या थापा कधी मारल्या नव्हत्या.

नवव्या दिवशी जेवताना तिनंच विचारलं, "खोटं हुतं व्हय रं ते?"

घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अंक नाही, नोंद नाही, नंबरसुद्धा नाही. आई ऐकत राहिली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मी लहानपणी ताप आल्यावर पाहायची तसं. मग म्हणाली, "डाक मंजी काय म्हनली ती बाई?"

मी सांगितलं.

"मंजी बार्शीला गेला पेपर."

"हो."

"वैरागला. मंद्रूपलाबी."

"हो, सगळ्या गावांना."

"आन् सोलापुरात?"

"सोलापुरात नाही, आई."

तिनं ताटाकडे बघितलं. मग एकदम हसली आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. "लई येडा हुता की माजा बाप," ती म्हणाली. "समद्या गावांस्नी इचारलं. मी हुते तितंच तेवडं न्हाई इचारलं. मग कुटल्या तोंडानं बोलनार हुता माज्याशी?"

मला अजून काही कळलेलं नाही. नोंद कुणी टाकली, मलाच का दिसली, गेली कुठे... कुणाला सुचत असेल तर सांगा, हसलात तरी चालेल. आठवड्यातून एकदा तरी मी सूची उघडतो, 'वैराग' टाकतो आणि बंद करतो. मुल्ला मॅडमनी तो नंबर रिकामा ठेवलाय, पुढची नोंद त्याच्या पुढच्या नंबरवर केली. का, ते मी विचारलं नाही.

आईनं कागद परत मागितला नाही. परवा मामीशी फोनवर बोलत होती. मी आतल्या खोलीत होतो, तिला माहीत नव्हतं. म्हणत होती, "आता माज्याशी गोड बोल बाई. आमच्या अण्णांनी मला पेपरात दिलं हुतं."