रिकामी चौकट

निवडणूक आली की राजधानी वॉशिंग्टनमधल्या आमच्या गल्लीत अंगणोअंगणी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या पाट्या लागतात. कोपऱ्यावरच्या गोऱ्या आजींच्या अंगणात मात्र पाटीची नुसती तारेची चौकट. रोज सकाळी त्या ती टाचेनं दाबून सरळ करायच्या. मला ते खटकायचं.

शेवटी विचारलंच, "पाटी उडाली का?"

"लावलीच नाही. आपल्या शहराचा कायदा संसद रद्द करू शकते, आणि तिथे आपल्या बाजूनं मत द्यायला एकही खासदार नाही. हे बदलू, असं इथे येऊन उमेदवार म्हणतात. बाहेर एखाद्या राज्यातल्या भर सभेत जो म्हणेल, त्याची पाटी लावीन."

"कुणीच नाही म्हणालं तर?"

"मत देईनच. अंगण देणार नाही."

घरी येऊन मी माझ्या अंगणातल्या पाटीचा पुठ्ठा काढला. चौकट तेवढी ठेवली.