माळावरच्या बाई

नकाशा कार्यालयात बाई रुजू झाल्या तोवर डोंगर, किनारा, शहरं अशी मानाची कामं पुरुष मंडळींनी वाटून घेतली होती. उरला होता पूर्वेकडचा माळ. तीन पिढ्यांपूर्वी कुणीतरी पायी हिंडून मोजलेला, मैलोगणती ना गाव ना ओढा. त्याचे घड्यांवर विरलेले जुने नकाशे नव्याने काढायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं, आणि सोबत नावही: माळावरच्या बाई.

"तुमचं बरं आहे," शेजारच्या टेबलावरचा आरेखक म्हणायचा, "कोरा कागद दिलात तरी साहेब सही करतील."

बाई हसायच्या आणि पुन्हा भिंगावर वाकायच्या. एकटं झाड, मेंढरांची वाट, कुणाचं तरी झोपडं. सगळं बारीक टाकाने असं उतरवायच्या, जणू तिथे राहणारी माणसं उद्या बघायला येणार आहेत.

एकदा साहेबांनी फर्मावलं, "या कोरड्या विहिरी गाळा. उगाच गर्दी."

त्या माळाला गर्दी म्हणणारा हा पहिलाच माणूस! बाईंनी मान वर केली. "साहेब, विहीर कोरडी असली म्हणून माणूस तिच्यात पडायचा राहतो का?"

साहेब खो खो हसले. विहिरी राहिल्या.

माळ मात्र बाईंनी कधी पाहिला नव्हता. निवृत्त झाल्यावर धाकट्या नणंदेला घेऊन त्यांनी जीप ठरवली. तासभर नुसतं गवत आणि आभाळ.

"वहिनी, यापायी डोळे फोडून घेतलेस?" नणंद म्हणाली.

बाईंनी पिशवीतला आपला नकाशा मांडीवर उलगडला. जरा वेळाने त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "भाऊ, थांबा इथे. इंजिन बंद करा, गिअर काढा आणि ब्रेक सोडा."

"मावशी, तळहातासारखं सपाट आहे हो."

"सोडा तर खरं."

क्षणभर काहीच झालं नाही. मग चाकाखाली खडे करकरले आणि जीप आपसूक पुढे निघाली. डोळ्यांना न दिसणारा उतार! उंची बदलते हे दाखवणारी एकच तपकिरी रेषा बाईंनी नकाशावर तिथे आडवी काढली होती, श्वास रोखून.

"अगं बाई, खरंच की!" नणंदेने समोरची दांडी घट्ट धरली. जीप थांबताच ती खाली उतरली, त्या सपाट रानाकडे वळून वळून पाहत राहिली. मग तिने वहिनीचा हात धरला.

"अजून काय काय आहे इथे? चल, दाखव मला."